मोठ्या टायरची स्टेपनी: बसवायची कुठं आणि उतरवायची कशी

चार मोठे टायर घालून होतात, गाडी उंच दिसायला लागते, फोटो काढून झाले की कुणीतरी विचारतं, "आणि स्टेपनीचं काय केलंस?" बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. जुनी स्टेपनी चॅसीखाली साखळीला लटकलेली असते. त्या जागेत नवं टायर जात नाही. मग ते कॅम्परच्या आत गादीवर येऊन पडतं, नाहीतर टपावर चढतं, नाहीतर "एवढं काय होतंय" म्हणत घरीच राहतं.

माझं बेळगावच्या उद्यमबागेत लेथ आणि वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. रोजचं काम पंपाचे शाफ्ट, पुली आणि बुश यांचं. गेल्या काही वर्षांत फोर बाय फोरवाली मंडळीही यायला लागली आहेत, खानापूरकडची, निपाणीकडची, पलीकडून चंदगडची सुद्धा. आमची स्वतःची गाडी म्हणजे फोर बाय फोर पिकअपवर बसवलेली कॅम्परची पेटी. आत दोन माणसं झोपतात, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण खाली लिहिलंय ते चॅसीवर बांधलेल्या कुठल्याही गाडीला चालेल. मोनोकॉक बॉडीच्या, म्हणजे वेगळी चॅसी नसलेल्या गाडीला मात्र हे जसंच्या तसं लावू नका.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलंय. स्टेपनी बसवणं हे वर्कशॉपमधलं काम आहे, तिथं चार माणसं असतात. उतरवणं हे कणकुंबीच्या पुढं, पावसात, एकट्यानं करायचं काम आहे. जाड ट्रेडचं (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीचं) टायर आणि लोखंडी डिस्क मिळून वजन पस्तीस किलोच्या आसपास जातं. म्हणून जागा ठरवताना "बसतंय का" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की गाडीतलं सगळ्यात कमी ताकदीचं माणूस ते खाली घेऊ शकेल का, आणि पंक्चर झालेलं परत वर चढवू शकेल का. आमच्या गाडीत ते माणूस मी आहे.

आता मापं. टायरच्या अंगावर २४५/७० आर १६ असं काहीतरी लिहिलेलं असतं. २४५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ७० म्हणजे अंगाची उंची रुंदीच्या ७० टक्के, १६ हा डिस्कचा व्यास इंचात. २४५ चे ७० टक्के १७१.५, ते वर एकदा आणि खाली एकदा म्हणून ३४३, त्यात १६ इंचांचे ४०६ मिळवले की व्यास ७४९ मिलिमीटर. २४५/७५ आर १६ घेतलं तर हाच व्यास ७७४ होतो, २६५/७५ आर १६ घेतलं तर ८०४. म्हणजे ७४९ च्या मानानं पहिल्यात, २४५/७५ मध्ये, साधारण एक इंच वाढ, दुसऱ्यात, २६५/७५ मध्ये, दोन इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). माझं मत विचाराल तर पहिलं घ्या. रुंदी तीच राहते, त्यामुळे जुन्याच डिस्कवर बसतं, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आत घासायची शक्यता कमी, आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना खरा वेग ८२-८३ असतो. दुसऱ्यात तो ८६ च्या जवळ जातो. रुंद टायर दिसायला भारी, पण आपल्याकडच्या तांबड्या चिखलात अरुंद आणि उंच टायर खालची कडक जमीन लवकर गाठतं.

स्टेपनी याच मापाची हवी, हे मी अगदी हटून सांगते. "स्टेपनी काय, गावापर्यंत तर जायचंय, जुनीच असू दे," असं म्हणणारे रोज भेटतात. साध्या गाडीत ते एकवेळ चालून जातं. आपल्याकडच्या बहुतेक फोर बाय फोर पिकअप पार्ट-टाइम पद्धतीच्या असतात. फोर-हाय (चारही चाकांना जोर देणारा गिअर) टाकलं की ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी, पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना पक्के बांधते, त्या दोघांत वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल नसतं. ७४९ चं चाक किलोमीटरला ७७४ च्या चाकापेक्षा तेरा-चौदा फेरे जास्त मारतं. चिखलात चाक घसरून तो फरक जिरतो. कडक रस्त्यावर तो जिरायला जागाच नाही, मग ताण ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो, लिव्हर टू-व्हीलमध्ये परत यायला तयार होत नाही. आणि जिथं टायर फाटतं तिथंच नेमकं फोर-व्हील लागतं, हेही ध्यानात घ्या.

लहान स्टेपनीवरच वेळ आली तर ती पुढच्या ॲक्सलला लावा. मागचं टायर गेलं असेल तर पुढचं चांगलं चाक मागं घ्या आणि लहान पुढं टाका. काम दुप्पट होतं, पण गाडी मागच्या चाकांवर ओढते आणि तिथलं डिफरन्शियल सारखं फिरत ठेवणं बरं नाही, त्यातून लिमिटेड स्लिप (दोन चाकांच्या वेगातला फरक रोखणारं डिफरन्शियल) असेल तर मुळीच नाही. टू-व्हीलमध्ये, हळू, जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत. बस.

काही जण विचारतात की आता नव्या गाड्या स्टेपनीशिवाय येतात, मग आपल्याला कशाला. २०२० मध्ये नियम बदलला हे खरं. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनीची सक्ती नाही. पण किटनं ट्रेडमधलं खिळ्याचं भोक बुजतं, अंगाला गेलेली चीर बुजत नाही. जांबोटी-चोर्ला बाजूला जांभ्या दगडाची धारदार कड टायरचं अंगच कापते. पूर्वेला गोकाक-अथणीकडं बाभळीचे काटे, तिथं किट चालतं. दोन्हीकडं फिरणार असाल तर दोन्ही ठेवा.

जागा ठरवण्याआधी एक फुकटचं काम करा. टीव्ही-फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, नव्या टायरच्या व्यासाचा गोल कापा आणि गाडीखाली झोपून जुन्या स्टेपनीच्या जागी धरून बघा. चॅसीचे दोन दांडे, मागचं डिफरन्शियल, सायलेन्सर आणि बंपर यांच्यामध्ये तो गोल सगळीकडून दोन बोटं मोकळा राहिला पाहिजे. डिफरन्शियल वरखाली होतं हे धरून चला. रिकाम्या गाडीत दिसणारी जागा भरलेल्या कॅम्परमध्ये नसते. म्हणून टाकी भरा, सामान ठेवा, मग मापा. पुठ्ठा बसला तर टायरची जाडीही बघा. चाक खाली लोंबायला लागलं तर ओढ्यातून वर चढताना पहिलं तेच जमिनीला टेकणार.

पुठ्ठा अगदी थोडक्यात अडला तर हवा काढून टायर दाबून बसवायची युक्ती लोक करतात. मी तिला नाक मुरडत नाही. सोबत बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर असेल आणि हवा भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायची तयारी असेल तर चालेल. फक्त सायलेन्सरच्या पाइपला टायर टेकत नाही ना, ते हात घालून बघा. आणि चिखलात रुतलेल्या गाडीखाली सरपटत जाऊन साखळी सोडायची कल्पना करून बघा. मला ती कल्पना नको वाटते, म्हणून आमची स्टेपनी खाली नाही.

टपाबद्दल फार लिहीत नाही. पस्तीस किलो वजन डोक्याच्या वर हात करून चढवायचं, कॅम्परची पेटी आधीच उंच, त्यात घाटातल्या वळणांवर वजन वर. नको.

मागच्या दारावर लावणं हा सगळ्यात मोहाचा मार्ग. काही जीपवर कंपनीच तशी देते, मग आपण का नाही? कारण त्या दाराच्या आत पट्ट्या घातलेल्या असतात, बिजागऱ्या त्या वजनाच्या असतात. कॅम्परच्या पेटीचं दार म्हणजे ॲल्युमिनियमची चौकट आणि वर पातळ पत्रा, नाहीतर फायबर. वर्षभरात दार खाली बसतं, कुलूप लागेना होतं, पाणी आत यायला लागतं. कंपनीनं दारावर दिलेल्या स्टेपनीच्या जागी सुद्धा मोठं चाक लावताना बिजागरीची पिन हलवून बघा. आधीच खुळखुळत असेल तर तिथं वजन वाढवू नका.

राहिला तो मार्ग म्हणजे चॅसीला बांधलेला, बाजूला उघडणारा आर्म, म्हणजे स्टेपनी धरणारा लोखंडी हात. काम मोठं आहे, पण बेळगावसारख्या गावात, जिथं गल्लीला एक लेथ आहे, हे काम करून घ्यायला अवघड काहीच नाही. अवघड आहे ते नीट सांगून करून घेणं. वर्कशॉपमध्ये कागद घेऊन जा.

सुरुवात आडव्या बीमपासून. मागचा बंपर काढा, चॅसीच्या दोन्ही दांड्यांची टोकं दिसतात. १०० बाय ५० चा, ५ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप आडवा, त्याच्या दोन टोकांना ८ मिलिमीटरच्या प्लेटी, आणि प्लेटी चॅसीला बोल्टनं. बोल्ट १२ मिलिमीटरचे, डोक्यावर ८.८ लिहिलेले, प्रत्येक बाजूला किमान चार, नायलॉकच्या नटांसह. चॅसीला वेल्डिंग करू देऊ नका. मेस्त्री म्हणेल, "अक्का, एक टाका मारतो, कायम राहील." कायम राहील, पण टाक्याच्या कडेला चॅसीचं लोखंड कमजोर होतं आणि चीर तिथूनच सुरू होते. शक्यतो कंपनीनं ठेवलेलीच भोकं वापरा. चॅसी बंद पेटीसारखी असेल तर बोल्ट आवळताना तिचे दोन पत्रे आत दबतात. म्हणून बोल्टभोवती आत जाड पाइपचा तुकडा घालायचा, दोन पत्र्यांच्या आतल्या अंतराएवढा बरोबर कापून. हा तुकडा घालायचा कंटाळा करतात. तुम्ही उभं राहून घालून घ्या.

बीमचं वेल्डिंग गाडीवरच करायची वेळ आली तर आधी बॅटरीची मायनस वायर काढा, वेल्डिंगची अर्थिंग कामाच्या अगदी जवळ लावा. आणि डिझेलची टाकी कुठं आहे ते मेस्त्रीलाही दाखवा, त्याला माहीत असेल असं धरू नका.

आता आर्म कुठल्या बाजूला फिरवायचा. आपण डावीकडून गाडी चालवतो, थांबतोही डावीकडं. मी बिजागरी उजव्या कोपऱ्यात घेते. म्हणजे कुलूप डावीकडं येतं, उघडणारा माणूस रस्त्यापासून लांब उभा राहतो, आणि नव्वद अंशांवर थांबलेला आर्म त्याच्या आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या मध्ये येतो. पण नव्वदच्या पुढं तो जाता कामा नये, नाहीतर स्टेपनी रस्त्यात शिरते. त्यासाठी लोखंडी अडथळा वेल्ड करा. हंगामात निपाणी-चिक्कोडीकडं दोन-दोन ट्रेलरवाले उसाचे ट्रॅक्टर अंगावरून जातात, त्यांच्या वाटेत आपलं चाक नको. तुमच्या कॅम्परचं दार उलट्या बाजूला उघडत असेल तर मात्र दाराप्रमाणे घ्या, नाहीतर आर्म उघडूनही दार उघडणार नाही.

बिजागरी हा या कामाचा जीव आहे, म्हणून इथं थोडं थांबते. बाजारात मिळणारी गेटची बिजागरी चालत नाही. हिशेब साधा आहे. पस्तीस किलोचं चाक खड्ड्यात आपटतं तेव्हा त्याचा धक्का मी चौपट धरते, म्हणजे १४० किलो. चाकाचा मध्य बिजागरीपासून ५५ सेंटीमीटर लांब. बिजागरीत वर एक आणि खाली एक बेअरिंग असेल आणि त्यांच्यातलं अंतर १५ सेंटीमीटर असेल, तर प्रत्येक बेअरिंगवर आडवा जोर पाचशे किलोच्या वर जातो. हेच अंतर साडेसात सेंटीमीटर ठेवलं तर हजार किलोच्या वर. बेअरिंग तीच, लोखंड तेच, फक्त उंची कमी केली म्हणून ताण दुप्पट. आखूड बिजागरी दिसायला सुटसुटीत वाटते आणि पहिल्या पावसाळ्यात खुळखुळते, ती याच्यामुळं.

मी वापरते ते असं. ४० मिलिमीटरचा ईएन-८ चा (शाफ्टसाठी वापरतात त्या पोलादाचा) बार लेथवर टर्निंग करून त्याची उभी पिन, ती बीममध्ये आरपार घालून खालून वरून वेल्ड केलेली. तिच्यावर ३०२०६ नंबरच्या दोन टेपर रोलर बेअरिंग. आतलं भोक ३०, बाहेरचा व्यास ६२, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. बेअरिंगचं घर जाड पाइपचं. आणि इथं क्रम महत्त्वाचा आहे: आर्म आधी घराला वेल्ड करायचा, मग घर लेथवर धरून आत ६२ चं बोअर (गोल भोक) मारायचं. उलट केलं तर वेल्डिंगच्या गरमीनं घर अंडाकृती होतं, आणि बेअरिंग एका बाजूला घट्ट, एका बाजूला सैल बसते. लांब आर्म जोडलेला असताना घर लेथवर फिरवता येत नसेल, तर आर्मचा फक्त एक वीतभर तुकडा आधी वेल्ड करा, बोअर मारा, आणि बाकी आर्म त्या तुकड्याला नंतर जोडा. बोअर ६२ पेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर कमी ठेवायचं, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग हलक्या ठोक्यानं बसते आणि तिथंच राहते. खाली ऑइल सील, वर टोपी, मध्ये ग्रीस निपल. नट आवळताना खेळ जाईपर्यंत आवळा, मग हात लावल्यावर आर्म मुकाट फिरेल इतपत नट किंचित सैल करा आणि स्प्लिट पिन घाला.

पिन उभी आहे की नाही हे ओळंब्यानं बघायचं, डोळ्यांनी नाही. गाडी सपाट फरशीवर, टायरमध्ये नेहमीची हवा, आणि ओळंबा दोन बाजूंनी. पिन एका सुतानं जरी कलली तरी आर्म आपोआप उघडायला किंवा मिटायला बघतो. उतारावर तर तो आपोआप फिरणारच, त्यासाठी नव्वद अंशांवर आर्म अडकवणारी स्प्रिंगची पिन लावा. पस्तीस किलोचं चाक वाऱ्यानं किंवा उतारानं मिटलं आणि मध्ये बोटं असली तर काय होतं, ते सांगायला नको.

आर्मसाठी ५० बाय ५० चा ५ मिलिमीटरचा पाइप आणि खालून एक तिरका टेकू. आर्म मिटल्यावर त्याचं दुसरं टोक बीमवरच्या एका उतरत्या ठोकळ्यावर चढून बसलं पाहिजे. ठोकळ्यावर कन्व्हेअर बेल्टच्या रबराचा तुकडा लावा, आपल्याकडं साखर कारखान्याच्या भंगारातून सहज मिळतो. या ठोकळ्यामुळं गाडी चालताना अर्धं वजन बिजागरीवरून निघून जातं. कुलपासाठी टॉगल क्लॅम्प (दांडी दाबून आवळायची कडी) आणि त्याच्यात वेगळी पिन. नुसत्या क्लॅम्पवर भरवसा ठेवू नका.

चाक अडकवायची प्लेट ६ मिलिमीटरची. सहा भोकांची डिस्क असेल तर आपल्याकडं बहुतेक वेळा पीसीडी (भोकांच्या मध्यांवरून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मिलिमीटर निघते, तरी समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मापून घ्या. आखणी सोपी आहे: कंपासमध्ये पीसीडीची निम्मी, ६९.८५, धरून वर्तुळ काढा, आणि कंपास न हलवता त्याच वर्तुळावर पावलं टाकत जा. सहाव्या पावलाला सुरुवातीच्या खुणेवर परत येता. सहाही स्टड लावायची गरज नाही, एक सोडून एक तीन पुरे. स्टडचे आटे गाडीच्या चाकाच्या नटांचेच ठेवा, म्हणजे रस्त्यात एखादा नट हरवला तर स्टेपनीचा नट कामाला येतो आणि टामीही (नट सोडायचा पाना) एकच लागते.

प्लेट अगदी उभी लावू नका, वरची कड गाडीकडं किंचित कललेली हवी, दोन-तीन अंश. मग नट काढल्यावर चाक अंगावर न येता स्टडवर बसून राहतं. हा एवढासा कल एकट्या माणसासाठी दुसऱ्या माणसाइतका उपयोगाचा आहे.

आणि उंची. दुकानात चाक जितकं वर तितकं रुबाबदार दिसतं, सगळे "अजून वर घ्या" म्हणतात. मी गुडघ्यावर हात ठेवून माप देते: टायरची खालची कड गुडघ्याच्या वर चार बोटं, त्याहून जास्त नाही. एवढ्या उंचीवरून चाक उचलावं लागत नाही. दीड हाताची एक जाड फळी टायरखाली तिरकी लावायची, नट काढायचे, चाक फळीवर घ्यायचं आणि घसरत खाली सोडायचं. परत चढवताना तीच फळी. चाक लोळवत वर घ्या, पाठीनं टेकू द्या, वरच्या भोकात स्टडचं टोक गेलं की वजन गेलं. फळीच्या वरच्या टोकाला लोखंडी पट्टीचा आकडा करून प्लेटला अडकवायची सोय केली तर ती सरकत नाही. आमच्याकडं ही फळी एरवी कॅम्परच्या दाराची पायरी असते.

उंची कमी ठेवल्यावर नंबर प्लेट आणि दिवे झाकायची शक्यता वाढते. तिथं तडजोड नाही. प्लेट रात्रीही दिसली पाहिजे, तिचा दिवा तिच्याबरोबर सरकवा, आणि मागचे लाल दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर यातलं काहीही टायरच्या आड नको. रिव्हर्सचा कॅमेरा असेल तर तो डिस्कच्या मध्यभागी आणा. सेन्सर मात्र स्टेपनीलाच अडथळा समजून ओरडत राहतात, त्यांची जागा बदलावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. म्हणून टायरचं माप कंपनीनं त्या मॉडेलला दिलेल्या मापांत आहे का बघा, आर्म करण्याआधी आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. केए-२२ ची, म्हणजे बेळगाव पासिंगची गाडी आठवड्यातून दोनदा महाराष्ट्रात आणि महिन्यातून एकदा गोव्यात जाते आपल्याकडं. तीन राज्यांच्या नाक्यांवर कागद एकच दाखवायचा असतो, तो नीट असलेला बरा.

रंगाआधी पाइपच्या प्रत्येक बंद टोकाला खालून दोन सुतांचं भोक मारा. खानापूरच्या पलीकडं पाऊस कुठून आत शिरतो ते सांगता येत नाही, पण बाहेर पडायला वाट नसेल तर पाइप आतून सडतो आणि बाहेरून चकाचक दिसतो. रेड ऑक्साइड, मग रंग. बोल्टच्या जागी रंग जाड ठेवू नका, रंग दबला की बोल्ट सैल होतो. गाडी फिरायला लागल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरांत सगळे बोल्ट पुन्हा तपासा, त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसला.

टायर घेताना स्टेपनी म्हणून हलकं घेऊ नका. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतं त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. १०७ म्हणजे एका चाकावर ९७५ किलो, १११ म्हणजे १०९०. पाण्यानं आणि सामानानं भरलेली कॅम्पर मागच्या चाकांवर किती बसते, ते वजनकाट्यावर एकदा बघून घ्या, ऊस-गुळाच्या गावात काट्यांची कमी नाही. टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे बघा, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानदार "ताजा माल आहे" म्हणतो, आकडा खोटं बोलत नाही.

उन्हात बाहेर टांगलेलं टायर न वापरताच म्हातारं होतं. त्याच्यावर कव्हर घाला आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवताना पाचवंही फिरवा. यानं पाचही टायर सारखे झिजतात, व्यास सारखा राहतो, आणि वर जो फोर-व्हीलचा घोळ सांगितला तो झिजलेल्या चार आणि कोऱ्या एकामुळं उद्भवत नाही. कायद्यानं ट्रेड १.६ मिलिमीटरपर्यंत चालतो, पण ओल्या घाटात मी तीनच्या खाली जात नाही. स्टेपनीत हवा नेहमीपेक्षा पाच पौंड जास्त ठेवा, लावताना कमी करता येते. व्हॉल्व बाहेरच्या बाजूला येईल असं चाक अडकवा, म्हणजे हवा बघायला ते उतरवावं लागत नाही.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात ती जॅकची. मोठं टायर म्हणजे ॲक्सल जास्त उचलावी लागणार. जुना जॅक पूर्ण वर जाऊनही भरलेलं चाक आत जात नाही, असं व्हायला नको. लाकडाचा दोन-तीन इंच जाडीचा चौरस ठोकळा सोबत ठेवा. तोच मऊ मातीत जॅकखाली पाट म्हणूनही लागतो. टामीच्या दांड्यावर बसेल असा दोन फुटांचा पाइप ठेवा. वर्कशॉपमध्ये एअर गननं आवळलेले नट रस्त्यात हातानं सुटत नाहीत. गाडी घरी नेण्याआधी ते एकदा सैल करून हातानं, तुमच्याच टामीनं, समोरासमोरच्या क्रमानं आवळून घ्या.

मग एक दिवस, ऊन असताना, अंगणात, कुणाचीही मदत न घेता अख्खं काम करून बघा: आर्म उघडा, चाक फळीवरून खाली, जॅक, जुनं काढा, नवं लावा, जुनं वर चढवा, आर्म मिटवा. जिथं अडेल तिथं खडूनं खूण करा आणि गाडी परत मेस्त्रीकडं न्या. प्लेट एक इंच खाली घ्यायची किंवा आकडा वाकवायचा एवढंच काम बहुधा निघतं.

बाहेर टांगलेल्या चाकाला चोर लागतात, म्हणून तीनपैकी एका स्टडला लॉक नट लावा. त्याची किल्ली डॅशबोर्डच्या कप्प्यात असू द्या. कॅम्परच्या पेटीत ठेवली आणि दार स्टेपनीच्या आड असलं, तर पंचाईत.